धसईकरांचा ओटा

किन्हवली मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातशेतं लागतात. दसरा होऊन चार-सहा दिवस झाले असतील तर कापणी सुरू झाली का, हे कुणाला विचारावं लागत नाही. वासच सांगतो. तो ओल्या गवताचा नसतो आणि वाळलेल्या पेंढ्याचाही नसतो. दोन्हींच्या मधला कुठलासा, थोडा गोडूस, थोडा घशात खवखवणारा. यंदा शहापूरहून माहेरी, मुरबाडला निघाले होते तेव्हा तो आला. मी हेल्मेटची काच वर केली आणि लगेच खाली केली. गेली दोन वर्षं मला हा वास सोसत नाही.

एके काळी याच वासासाठी मी शाळेला दांडी मारायचे. शेत आमचं नव्हतं, वीतभरसुद्धा नाही. पण मुरबाडच्या जुन्या पेठेत आमचं दुकान होतं, आणि कापणीच्या दिवसांत सगळी शेतं त्या दुकानापर्यंत चालत यायची. दोरखंड, सुपं, टोपल्या, ताडपत्र्या, कोयते आणि मुख्य म्हणजे कापणीचे विळे. दुकानाला पाटी होती, पाटीवर आजोबांचं नाव होतं, ते नाव कुणी कधी घेतल्याचं मला आठवत नाही. लोक म्हणत, "ओट्यावर जातो."

तो ओटा काळ्या दगडाचा होता. गुडघ्याएवढा उंच, दुकानाच्या रुंदीएवढा लांब. वरचा दगड बसून बसून मधोमध खोलगट झाला होता. मी लहानपणी त्यात तांब्याभर पाणी ओतून तळं करायचे आणि बाबांच्या शिव्या खायचे. शिव्या पाण्यासाठी नसत. आता धसई गावची गाडी येईल, माणसं बसणार कुठे, म्हणून असत.

कारण ओटा आमचा नव्हताच. आजोबांनी दुकान घातलं तेव्हा पुढे नुसती माती होती. धसईकडच्या लोकांना बाजार करून परतीच्या गाडीची वाट बघायला जागा नव्हती, म्हणून त्यांनीच बैलगाडीत घालून दगड आणले आणि दुकानापुढे बसवून घेतले. "दुकान आपलं, ओटा धसईकरांचा," असं बाबा म्हणत, आणि ते बोलण्यापुरतं नव्हतं. धसईची बाई ओट्यावर आपलं बोचकं ठेवून दिवसभर बाजार फिरून यायची. बोचक्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. "आमच्या सुनेचा भाऊ आला तर सांगा, मी दुपारच्या गाडीनं गेले," असे निरोप ओट्यावर ठेवले जात आणि बरोबर त्या माणसाला मिळत. समोर रमणशेठांच्या कापडदुकानाचा ओटा वैशाखऱ्याच्या लोकांचा. धसईचं माणूस तिथे बसत नसे. कुणी ठरवलं होतं देव जाणे, पण पेठेत प्रत्येक ओट्याला आपापलं गाव होतं.

आणि विळा उभ्यानं घ्यायचा नसतो. हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. भात कापतात ते बसून किंवा कमरेत वाकून, म्हणून मूठ हातात कशी बसते हे उभं राहून कळत नाही. बाबा ओट्याच्या खांबाला पेंढ्याची एक जुडी टांगून ठेवत. बाया ओट्यावर उकिडव्या बसत, जुडीतला मूठभर पेंढा पायाच्या अंगठ्याखाली दाबत आणि विळा ओढत. सर्र आवाज आला पाहिजे. कर्र आला तर दाते बरोबर पडलेले नाहीत. एकेक बाई आठ-आठ विळे ओढून बघायची, ओटाभर पेंढ्याचे तुकडे करून ठेवायची, वर बाबांना सुनवायची, "या वर्षी लोखंड नाय रं, पत्रा इकतोस तू." बाबा हसत नववा विळा काढून देत. संध्याकाळी मी ओटा झाडायचे आणि सगळा पेंढा फ्रॉकच्या ओच्यात भरून समोरच्या गाईला घालायचे.

त्या बायांमध्ये चांगुणामावशी होती. धसईच्या पलीकडच्या पाड्यावरची, उंच, काळी, चेहऱ्यावर कायम कुणाशी तरी भांडून आल्यासारखा भाव. ओट्याचे दगड आणणाऱ्या गाड्यांमध्ये एक गाडी तिच्या सासऱ्याची होती. ती आली की बसलेल्या बाया सरकून मधली खोलगट जागा तिला देत. मला ती 'शाळंची' म्हणायची. "काय गो शाळंची, इळा धरता येतो का नुसती पाटी?" मी विळा धरून दाखवला की माझा अंगठा धरून खाली सरकवायची. "हितं. नायतर पयल्याच दिवशी घरी जाशील फडकं बांधून." तिच्या हाताची ती पकड अजून माझ्या अंगठ्यात आहे.

अशी ही शाळंची पुढे नकाशे काढायला शिकली. शहापूरला दिलं मला, तिथेच एका खासगी कचेरीत नोकरी लागली. लहान गावांचे रस्ते, गटारं, बगीचे यांचे आराखडे करायचे, ते मंजुरीला जायचे, मग निधी यायचा. अडीच वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत मुरबाडच्या पेठेचं काम आलं. जुन्या बाजारपेठेचं सुशोभीकरण. साहेबांनी विचारलं कोण करणार, आणि मी शाळेत हात वर करावा तसा हात वर केला.

पेठेला त्याची गरज नव्हती असं मी आज म्हणणार नाही. पेठ मरत चालली होती. हायवेला मोठी दुकानं झाली होती, शिकलेली पोरं कल्याणला जाऊन खरेदी करत होती, निम्म्या दुकानांच्या फळ्या दुपारीच लागायच्या. बाबा व्यापाऱ्यांचे अध्यक्ष होते आणि दर बैठकीत तेच तेच ऐकून त्यांचे कान किटले होते. पेठेचं काम आल्याची बातमी मी फोनवर सांगितली. ते म्हणाले, "वैशू, पेठ वाचली गो." त्यांच्या आवाजात मी इतका आनंद माझ्या लग्नातही ऐकला नव्हता.

पाहणी करायची तारीख कचेरीनं ठरवली, कारण प्रस्ताव पाठवायची मुदत जवळ आली होती. दिवस आषाढातले होते. मी टेप, वही आणि छत्री घेऊन आठ दिवस पेठेत उभी होते. ओट्यांची लांबी-रुंदी घेतली, फोटो काढले. फॉर्मात एक रकाना होता, जागेचा प्रत्यक्ष वापर. प्रत्येक ओट्यापुढे सकाळी, दुपारी, संध्याकाळी कोण बसतं ते लिहायचं होतं. मी आठही दिवस प्रामाणिकपणे लिहिलं, कुणी नाही. बाबांनी चहा आणून दिला, वहीत डोकावले आणि म्हणाले, "आत्ता कोण येतंय? सगळी चिखलात आहेत, आवणी चाललीय."

मी "हं" म्हणाले आणि पुढच्या ओट्याकडे गेले.

आवणीच्या, भात लावायच्या दिवसांत खेड्यातलं माणूस बाजाराला येत नाही, हे मुरबाडच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मी त्याच पेठेत वाढले होते. पण रकान्यात मावतं तेवढंच खरं मानायची सवय मला लागली होती. अहवालात मी लिहिलं, ओटे वापरात नाहीत, पदपथाला अडथळा. नकाशावर निळ्या रेघेनं पदपथ आला आणि ओट्यांवर लाल फुल्या आल्या. माझ्याच हातानं.

देवळाच्या सभामंडपात पडदा लावून आम्ही आराखडा दाखवला. चित्र सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. फरसबंदी रस्ता, नक्षीचे दिवे, झाडं, लोखंडी बाकं, सगळ्या दुकानांना एका रंगाच्या पाट्या. संगणकात तयार मिळतात ती माणसं मी चित्रात चालवली होती. गॉगल लावलेली, हातात कागदी पिशव्या, एक बाई कुत्रं फिरवत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा पहिल्या रांगेत होते. ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "यातलं धसईचं कोण?"

सगळे हसले. मीही हसले. मग ठरावावर पहिली सही बाबांनी केली.

आणि त्यानंतर आला तो हंगाम. मला आठवतो तो तोच. ओट्याचा शेवटचा.

दिवाळीआधी सुट्टी काढून मी मुरबाडला गेले. मंजुरीचं पत्र आलं होतं, पेढे वाटून झाले होते. काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं होतं. सकाळी दहाच्या सुमारास पेठेच्या तोंडाशी उतरले आणि तिथेच थांबले. सगळे ओटे भरले होते. माणसं दाटीवाटीनं बसली होती, काही ओट्याला टेकून खाली बसली होती. बोचक्यांवर बोचकी. वैशाखऱ्याचे म्हातारे रमणशेठांच्या ओट्यावर टोप्या काढून वारा घेत होते. आमच्या ओट्यावर बाया पेंढा कापत होत्या, आणि सर्र सर्र असा आवाज सगळ्या पेठेत भरून राहिला होता. उन्हात पेंढ्याची कुसं उडत होती. कुणीतरी शिंकलं, कुणीतरी त्यावर काही चावट बोललं, बाया हसायला लागल्या. मधोमध चांगुणामावशी बसली होती, विळा डोळ्यासमोर धरून दाते बघत.

मला त्या क्षणी सगळं कळलं. वहीतलं 'कुणी नाही' मला दिसायला लागलं, माझ्या अक्षरात, आठ दिवसांचं. ही पेठ वर्षभर अर्धी झोपलेली असते आणि या महिन्या-दीड महिन्यावर जगते, हे मी विसरले कशी?

"आली का शाळंची!" मावशी ओरडली. "ये, बस. सरका गो जरा."

मी बसले. दगड उन्हानं कोमट झाला होता. शेजारच्या बाईनं माझ्या हातात भाजलेल्या शेंगा कोंबल्या. पाच मिनिटं बसले असेन, मग मला बसवेना, मी काहीतरी निमित्त काढून आत गेले. आत बाबा विळ्यांची नवी पेटी फोडत होते. मी म्हणाले, "बाबा, माझं चुकलंय. पाहणी आवणीत केली."

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "माहीत आहे," म्हणाले.

"मग सही का केलीत?"

"तू काढलेला कागद. त्यावर मी सही करायची नाय तर कुणी?" मग पेटीतले विळे मोजत, "आणि वैशू, पोटात होती आशा. म्हटलं, येतीलही नवी माणसं."

मी त्याच दुपारी साहेबांना फोन केला. आराखड्यात बदल होईल का, ओटे ठेवता येतील का. हे विचारताना माझा आवाज असा होता की समोरच्यानं नाही म्हणावं. त्यांनी तसंच केलं. मंजूर कामात बदल म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, तोवर निधी परत जाईल. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "निधी परत गेला तर पेठ मला उभा करील आणि जाब विचारील. राहू दे." त्यानंतर मी हा विषय काढला नाही. दिवाळीचा फराळ केला, भाऊबीज केली आणि शहापूरला परत गेले. त्या हंगामातलं माझ्याकडे एवढंच उरलं आहे, पाच मिनिटं कोमट दगड आणि मूठभर शेंगा.

ओटे पाडले तेव्हा मी गेले नाही. कामाचे फोटो मात्र माझ्याच टेबलावर आले. दगड ट्रकमध्ये भरले, कुठल्याशा खड्ड्यात भर घालायला नेले. बाबांनी फोनवर फक्त एवढंच सांगितलं की खालचे दगड अजून सरळ रेषेत होते, एक हललेला नव्हता.

पेठ सजली. संध्याकाळी दिवे लागले की तरुण पोरंपोरी येऊन फोटो काढायची. रमणशेठांनी दुकान केकवाल्याला भाड्यानं दिलं आणि त्यांचं बरं चाललं आहे, हेही सांगायला हवं. नवी माणसं आली. त्यांना सुपं नको होती, इतकंच.

पुढच्या कापणीला बाबांनी नेहमीसारखा माल भरला. खांब उरला नव्हता म्हणून पेंढ्याची जुडी दाराच्या कडीला टांगली. "ही एक सुगी बघू," असं आईला म्हणाले. "धसई आली तर दुकान राहील, नाय तर नाय." मी शनिवार-रविवार जाऊन त्यांच्याबरोबर बसत होते. धसईच्या गाड्या येत होत्या, बाया उतरत होत्या. एका रंगाच्या पाट्यांमध्ये आमचं दुकान त्यांना चटकन सापडत नव्हतं. सापडलं तरी पुढे मोटारसायकली लावलेल्या. लोखंडी बाकं होती, पण ती दुपारी तापायची, आणि त्यांवर उकिडवं बसता येत नाही, पेंढा पायाखाली धरता येत नाही. एक-दोघी आल्या, उभ्या उभ्या विळा हातात घेतला, मूठ चाचपली आणि ठेवून दिला. "बघून येतो," म्हणाल्या. पेठेत 'बघून येतो'चा अर्थ सगळ्यांना कळतो.

चांगुणामावशी आली ती थेट दुकानात शिरली. "दगड कुठं गेला रं?"

बाबा उठून उभे राहिले. "काढला मावशी. रस्ता झाला."

"रस्ता व्हता की पयल्यापासना. आमचा दगड कुठं हाय?"

"नेला. भर घातली त्याची."

ती बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माज्या सासऱ्याचा एक बैल पाय मोडून बसला व्हता तो दगड आणताना. काढताना कोनाला इचारलंस तू?"

"माझं चुकलं," बाबा म्हणाले. दोन्ही हात जोडले त्यांनी. "माझी अक्कल गेली, मावशी. मीच सही केली."

मी तिथे होते. गल्ल्याच्या मागे, चार हातांवर. तोंड उघडून 'ते मी केलं' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. माझे वडील एका म्हातारीपुढे हात जोडून उभे होते आणि मी दोराचं वेटोळं उगाच सोडत आणि गुंडाळत होते. मावशी गेली. विळा न घेता गेली. बाबा खाली बसले आणि मला म्हणाले, "चहा टाकायला सांग गो."

दुकान उन्हाळ्यात बंद केलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

यंदा मी घरी पोचले तेव्हा बाबा घरात नव्हते. आई म्हणाली, "सकाळी नऊला जातात, दुपारी जेवायला येतात. कुठे म्हणून विचारलं की पाय मोकळे करायला म्हणतात." मी शोधायला निघाले. पेठेत नव्हते. शेवटी एसटी स्टँडवर दिसले. धसईची गाडी जिथे लागते त्या फलाटावर, सिमेंटच्या कठड्यावर बसले होते. गाडी आली, माणसं उतरली. काहींनी त्यांना ओळखून हात केला, दोघं-चौघं थांबून बोलले. एका बाईनं आपलं बोचकं त्यांच्याजवळ ठेवलं आणि ती बाजाराकडे गेली. बाबांनी ते बोचकं उचलून आपल्या बाजूला, सावलीत सरकवलं. मी त्यांना हाक मारली नाही. तशीच मागे फिरले आणि स्कूटर धसईच्या रस्त्याला घातली.

पाडा विचारत विचारत गेले. चांगुणामावशी शेतात होती. सून आणि दोन बाया पुढच्या ओळीत कापत होत्या, ती वयानं मागे पडली होती. कापलेल्या भाताच्या मुठी मागे ओळीनं पसरल्या होत्या. इतक्या जवळून, इतका दाट तो वास मी कधी घेतला नव्हता. मी बांधावर उभी राहिले आणि नमस्कारही न करता बोलून टाकलं. "मावशी, ओटा मी काढला. नकाशा मी केला. बाबांनी नाही."

तिनं मान वर केली. डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुजा बाप आपल्या मनानं दगड हलवनारा मानूस नाय. त्येच दिवशी कळलं मला. तू दोर गुंडाळीत व्हतीस."

मला रडू फुटलं. तिनं ते थांबवायचा काही प्रयत्न केला नाही. बांधावरचा पेंढा हातानं बाजूला सारून जागा केली. "बस. उन्हात उभी नको राहू."

मी बसले. तिनं कमरेचा पदर सोडून तोंड पुसलं, शेजारी टेकली. पुढच्या ओळीतून सर्र सर्र आवाज येत होता. तिच्या हातातल्या विळ्याची मूठ झिजून गुळगुळीत झाली होती; आमच्याकडचाच होता तो, बाबांनी दिलेला नववा की दहावा कुठला तरी. तिनं विचारलं,

"बाप बसतो कुठं आता?"

"एसटी स्टँडवर," मी म्हणाले. "धसईची गाडी लागते तिथं."

तिनं विळा उचलला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पुन्हा कापायला लागली.